तागाचं कुरण

पहिल्या फेरीत आम्ही न खेळताच जिंकलो.
समोरच्या गावाची आगगाडी चुकली.
आमचे अकरा जण तासभर थंडीत हात चोळत उभे,
मग ह्यूईने रिकाम्या गोलात चेंडू ढकलला
आणि गिरणीचा कारकून गिलिलँड,
तोच आमचा सेक्रेटरी,
त्याने वहीत वळणदार अक्षरात लिहिलं: विजयी.
मी अकरा कोरडे सदरे घरी आणले.
आई म्हणाली, असाच खेळा रे, साबण वाचतो.

दुसऱ्या फेरीत साबण वसूल झाला.

आमचं मैदान म्हणजे ब्लीचचं कुरण.
उन्हाळ्यात तिथे ताग पांढरा व्हायला पडून असतो,
मैलभर कापड, दंव आणि ऊन पीत.
हिवाळ्यात मालकांना त्याचा उपयोग नाही
म्हणून ते आमचं.
दोन खांब, वर आडवी फीत बांधलेली,
भिजली की मधोमध झोळ.
चेंडू फितीखालून गेला म्हणाले आमचे,
वरून गेला म्हणाले त्यांचे,
शाळामास्तर मॅकएल्हिनी रुमाल धरून विचारात पडले,
आणि फीत वाऱ्यावर हलत राहिली,
कुणाच्याच बाजूने साक्ष न देता.
मास्तरांना आमच्याच शाळेत पगार मिळतो.
गोल झाला.

मी ओल्या कताईच्या खात्यात.
दिवसभर अनवाणी, पाय कोमट पाण्यात,
रात्री तेच पाय मोरीतल्या टबात सदऱ्यांवर.
निळा रंग दर शनिवारी थोडा पाण्यात उतरायचा.
नाताळपर्यंत आमचा संघ आकाशी झाला होता,
लेंटपर्यंत जवळजवळ दुधाळ.
लांबून आपलाच माणूस ओळखू येत नाही, लेटी,
ह्यूई चिडून म्हणाला.
म्हटलं, मग जवळ पास द्या.

उपांत्य सामना बेलफास्टला.
बोटी बांधणाऱ्यांच्या संघाशी.
भाडं फक्त खेळणाऱ्यांपुरतं निघालं,
सदरे धुणारीपुरतं नाही.
रात्री ह्यूईने टेबलावर उकडलेले बटाटे मांडून
मला सगळा सामना दाखवला:
हा त्यांचा ढांगा फॉरवर्ड, हा मी, हा चिखल.
एक विरुद्ध दोन. हरलो.
मग बाबांनी त्यांचा गोलकीपर मीठ लावून खाल्ला
आणि कुणी काही बोललं नाही.

पण तो ढांगा फॉरवर्ड
जानेवारीत दुसऱ्याच संघातून खेळला होता म्हणे.
गिलिलँड खुर्चीतून उडालाच.
निषेधाची फी दहा शिलिंग.
कताईखात्यातून पेनी पेनी करून तीन आम्ही दिले,
ज्यांनी एकही सामना धड पाहिला नव्हता.
समितीचं पत्र यायला सात आठवडे लागले.
न्याय झाला होता!
सामना पुन्हा, आणि तोही आमच्याच मैदानावर,
मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी.

ह्यूई टोपी हातात घेऊन मॅनेजर प्रिंगलकडे गेला.
प्रिंगल खिडकीपाशी उभे राहिले.
खाली कुरण दिसत नव्हतं,
कापडच कापड, नदीपर्यंत.
उचलायचं? दीड तासासाठी?
ते रागावले नाहीत,
हेच ह्यूई पुन्हा पुन्हा सांगत होता.
खरंच विचार करत होते गं, मग म्हणाले,
चिखलाचा एक डाग, मॅकिल्वीन, आणि अख्खा तागा वाया.

गिलिलँडच्या वहीत त्या तारखेपुढे काहीच नाही.

त्या शनिवारी एकचा भोंगा झाला
तशी मी कुरणाच्या कडेकडेने घरी निघाले.
खांब काढलेले, पण खड्डे तसेच.
दोन ठिकाणी कापड खाली बसलं होतं,
वाटीएवढं.
त्यात कालचं पाणी.
राखणदाराची पाठ होती माझ्याकडे.
मी हात टेकून ते पाणी निपटून काढलं,
मग दुसऱ्या वाटीकडे चालत गेले,
पावलं मोजत:
आठ.
एवढंच होतं होय ते.